वजन घटवायचे की खिसा हलका करायचा?

मागच्या वर्षावासात खोपोलीजवळच्या एका वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी ग्रंथवाचन होत असे. एका रविवारी वाचन संपले, चहा झाला, आयाबहिणी घरी निघाल्या आणि आमच्या चळवळीतला एक तरुण कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन बसला. स्मशानभूमीच्या जागेसाठी आम्ही तहसील कचेरीपुढे धरणे धरले, तेव्हा रात्रभर मंडपात माझ्या शेजारी झोपलेला हा पोरगा. त्याने पिशवीतून एक मोठा पांढरा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"वकीलसाहेब, हे खास तुमच्यासाठी. कोटाचं बटण लागत नाही तुमच्या, मी बघितलंय."

बटण लागत नव्हते हे खरेच होते. डब्याची किंमत 2400 रुपये. सोबत कॅप्सूलच्या तीन पट्ट्या, त्यांचे 900 वेगळे. सकाळी एक ग्लास, रात्री एक ग्लास, मध्ये एकच जेवण; 90 दिवसांत 12 किलो कमी. "साखरेची गोळी सुटते, गुडघे थांबतात, थायरॉईडवाल्यांनाही चालतं." हे सगळे त्याने एका दमात सांगितले. कुठे शिकलास, असे विचारले तर म्हणाला, पनवेलला एका हॉटेलात दर शनिवारी मीटिंग असते, मोठमोठे लोक येतात. अजून सहा माणसे जोडली की तो वरच्या पायरीवर जाणार होता. मी पहिला.

आता सांगायला लाज वाटते, पण मी डबा घेतला. वीस वर्षे लोकांना सांगत आलो की, वाचल्याशिवाय कशावर अंगठा उठवू नका, आणि स्वतः मात्र डब्यावरची बारीक अक्षरे न वाचताच पैसे काढून दिले. कारण साधे. समोरचा आपला होता. या धंद्याचे भांडवल तेच असते. अनोळखी माणसाला दारातून परत पाठवता येते. आपल्याच विहारातल्या, आपल्याच मोर्चातल्या पोराला कोण परत पाठवणार?

या विषयाची टिंगल करायला मी हा लेख लिहीत नाही. वजनाचा प्रश्न आपल्या समाजात आता खरा आहे. माझी उंची 168 सेंटिमीटर, वजन 91 किलो. म्हणजे वजन आणि उंचीचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो 32 च्या वर. भारतीय माणसाला 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे स्थूलपणा धरतात, कारण आपल्या शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि साखर-रक्तदाब कमी वजनातच मागे लागतात. पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटिमीटर आणि बाईचा 80 च्या आत असावा असे सांगतात. माझा 108 होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी 6.1 आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर.

माझी आई हे ऐकून म्हणाली, "आम्हाला उतरवायला वजनच कुठं होतं?" तिचे खरे आहे. तिची पिढी दुसऱ्याच्या बांधावर भातलावणीला वाकली, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन घाट उतरली. तिच्या मुलांच्या पिढीला आरक्षणाने, शिक्षणाने, खोपोली-रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांनी खुर्ची मिळाली, निदान उभे राहण्याची ड्युटी मिळाली. 12 तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक काय खातो ते बघा. कर्जत स्टेशनचा वडा, फाट्यावरची मिसळ, दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि रात्री दहा वाजता घरी येऊन ताटभर भात. भूक आपल्या पूर्वजांची, अन्न बाजाराचे आणि हालचाल शून्य. पोट सुटले यात नवल काय?

आणि याच दोन तालुक्यांत, डोंगराच्या कुशीतल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांत, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर मुलाचे वजन भरत नाही म्हणून सेविका डोक्याला हात लावते. खाली रस्त्याला लागून फार्महाऊस आणि रिसॉर्ट, तिथे मुंबईचे लोक वजन उतरवायला पैसे भरून येतात. एकाच पाणलोटात हे दोन्ही चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे हेच सांगतात: देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 24 टक्के जादा वजनाच्या आणि 57 टक्के रक्तक्षयाच्या.  कितीतरी बायका दोन्हीत असतात. अंगाने जाड आणि रक्ताने पांढरी, अशी बाई माझ्या घरातच होती आणि मला ते माहीत नव्हते. त्याकडे येतो.

वजन कमी करताना सप्लिमेंट, म्हणजे पूरक पावडर-गोळ्या, घ्याव्यात का, असे लोक विचारतात तेव्हा त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. कोर्टात आम्ही आधी मुद्दे निश्चित करतो, तसे इथेही करायला हवे. पहिला प्रश्न, या वस्तूने वजन उतरते का? दुसरा, वजन उतरवण्यासाठी खाणे कमी केल्यावर शरीराला जे कमी पडते, ते भरून काढायला काही घ्यावे लागते का? विकणारा पहिल्याचे उत्तर 'हो' असे देतो आणि पुरावा मात्र दुसऱ्याचा दाखवतो.

पहिला प्रश्न. माझे वजन त्या पावडरीवर पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. चमत्कार! पण दोन जेवणे बंद करून दोन ग्लास पाण्यात चार चमचे पावडर घेतली, तर वजन उतरणार नाही तर काय होईल? पावडरीऐवजी दोन ग्लास ताक घेतले असते तरी उतरलेच असते. पहिल्या दिवसांत उतरते त्यात पाण्याचा वाटाही मोठा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, आठवड्याला अर्धा किलो उतरणे सुरक्षित, आणि वजन उतरवतानाही आहार दिवसाला 1000 कॅलरीच्या खाली जाऊ नये. 90 दिवसांत 12 किलो म्हणजे आठवड्याला जवळपास एक किलो. त्या सुरक्षित वेगाच्या दुप्पट.

कॅप्सूलची गोष्ट जास्त गंभीर. चरबी जाळणाऱ्या म्हणून विकतात त्यांत बहुधा ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळातल्या फळाचा अर्क, कॅफिन असले काही असते. ग्रीन टी पिण्यात धोका नाही, पण त्याचा घट्ट अर्क रोज मोठ्या मात्रेत घेतल्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गार्सिनियाच्याही आहेत. औषधाने यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या जाळ्यात 2004 ते 2013 या काळात वनौषधी आणि पूरकांमुळे झालेल्या प्रकरणांचा वाटा 7 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर गेला. 'आयुर्वेदिक आहे, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य म्हणूनच फसवे. कण्हेरही नैसर्गिकच आहे.

त्याहून वाईट म्हणजे डब्यावर न लिहिलेले घटक. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी एकेकाळी डॉक्टर लिहून देत. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत आणि 2011 मध्ये भारतात तिची विक्री बंद झाली. पण नंतरही 'हर्बल' म्हणून विकलेल्या वजनाच्या गोळ्यांत हेच औषध चोरून मिसळलेले परदेशातील औषध प्रशासनांना पुन्हा पुन्हा सापडले. गोळीने भूक एकदम मेली, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर 'गुण येतोय' असे न समजता गोळी थांबवावी आणि पट्टी घेऊन दवाखाना गाठावा.

प्रथिनांच्या पावडरीची भुरळ आता आपल्या पोरांना व्यायामशाळेतही आहे. 2024 मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतीय बाजारातल्या अशा 36 वस्तू तपासल्या. जवळपास 70 टक्क्यांमध्ये डब्यावर लिहिलेले प्रथिन आणि आतले प्रथिन जुळत नव्हते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांनीही सर्वसाधारण माणसाने प्रथिन पावडर टाळावी असेच सांगितले. वजन उतरवताना प्रथिने लागतात हे मात्र खरे. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ती ताटातून घ्यायची. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम. भात कापल्यावर आपल्याच शेतात होणारे कडवे वाल आहेत, हरभरा आहे, मूग आहेत. आणि सुकट, जवळा, बोंबील! सुक्या मासळीत पाणी गेलेले असते, त्यामुळे वजनाच्या मानाने तिच्यात प्रथिन भरपूर. रक्तदाबवाल्याने मीठ धुऊन खावी एवढेच. शेजाऱ्याला वास येतो म्हणून आपली नोकरदार पिढी सुकट लपवून खाते आणि व्हॅनिलाच्या वासाची पावडर दिमाखात घोळवून पिते, याला काय म्हणावे?

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. 2015 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन, लोह आणि बी-12 कायद्याने काढून घेतले. तेव्हा कुणी म्हणाले नाही की, या माणसांना आता हे कुठून मिळणार? आता तेच प्रथिन 2400 रुपयांच्या डब्यात भरून आपल्याच वस्तीत आपल्याच पोराच्या हातून विकायला आले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तो माझा विषय आहे. डबा शेवटी वाचला तेव्हा त्यावर 14 आकडी अन्न परवाना क्रमांक होता, 'हेल्थ सप्लिमेंट' असे लिहिले होते आणि खाली 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ होती. म्हणजे कागदावर ही वस्तू अन्न आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, 2006 च्या कलम 22 नुसार असे अन्न कुठलाही विशिष्ट रोग बरा किंवा कमी करण्याचा दावा करू शकत नाही. मग साखरेची गोळी सुटते, गुडघे थांबतात हे कोण म्हणाले? डब्याने म्हटले नाही. पोराने म्हटले, आणि त्याला हॉटेलातल्या मीटिंगमध्ये ते पाठ करून दिले होते. दुसरीकडे औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि तिच्यात मधुमेहाबरोबर लठ्ठपणाही आहे. पण तो कायदा लागतो औषधाला. अन्न म्हटले की वस्तू त्यातून निसटायला बघते. डब्यावर अन्न, तोंडाने औषध! दोन कायद्यांच्या मधल्या फटीत ही दुकाने थाटलेली आहेत. तरी फट पूर्ण मोकळी नाही. अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पत्रक, व्हॉट्सॲपवर आलेला 'आधी आणि नंतर'चा फोटो, हे सगळे म्हणून जपून ठेवावे. तोंडी दावा सिद्ध करणे कठीण, कागद बोलतो.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या घरातली बाई.

मी पावडर सुरू केली तेव्हा पत्नीनेही केली. मला कंपनी म्हणून, तिचे शब्द. तिचे वजन 71 किलो, तिलाही उतरवायचे होते. फरक एवढाच की, मी दुपारच्या जेवणात हात आखडता घेतला नाही. तिने रात्रीची भाकरी सोडली, अंडी सोडली, आणि पोरांच्या डब्यात उरलेले तेवढे खाल्ले. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. शेजारणी कौतुक करू लागल्या. मग एका सकाळी कर्जत स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर ती मधेच बसली. "अहो, डोळ्यांपुढे अंधारी येते," म्हणाली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन 8.9. बाईला 12 हवे.

पावडरीने रक्त कमी झाले असा आरोप मी करत नाही. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले, त्यात धाकट्याच्या बाळंतपणातलेही हिमोग्लोबिन कमीच निघाले. म्हणजे बारा वर्षे ही बाई रक्तक्षय घेऊन वावरत होती आणि घरात शिकलेला वकील असून कुणाच्या लक्षात आले नाही. 'थकवा येतो' म्हणायची, आम्ही 'वजन वाढलंय म्हणून' म्हणायचो. खाणे कमी केले तेव्हा लोहाची आवक आणखी आटली. पण डब्यावर तर लोह लिहिले होते! लिहिले होते, पण ते रोजच्या गरजेच्या मापाचे. 2016 च्या विनियमांनी अशा पूरकांतली जीवनसत्त्वे-खनिजे शिफारस केलेल्या रोजच्या गरजेशी बांधली. बाईची लोहाची ती गरज 29 मिलिग्रॅम, आणि या पावडरीच्या एका ग्लासात त्याचा छोटासा हिस्सा. आजार भरून काढायला जी मात्रा लागते ते औषध, आणि ते अन्न म्हणून विकता येत नाही. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. तिला अशा रोज दोन दिल्या. किंमत शून्य रुपये.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: कमी काय आहे ते तपासून, जे कमी आहे तेवढेच, भरून निघेपर्यंत. सरसकट सगळ्यांना सगळे नाही. माझी तपासणी केली तर माझे हिमोग्लोबिन 14, बी-12 ठीक. मला काहीही लागत नव्हते. एकाच घरात, एकाच डब्यातून पिणाऱ्या दोघांना उत्तर वेगळे.

ज्यांना लागते ते कोण, हे थोडक्यात सांगतो. मांस-अंडी-दूध सोडलेल्यांना बी-12 कमी पडू शकते, कारण ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळते; धम्म स्वीकारल्यावर शाकाहारी झालेल्या आपल्या उपासकांनी याकडे लक्ष द्यावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही बी-12 घटू शकते. पोटाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जन्मभर पूरके लागतात. 2025 पासून भारतात वजनाची जी नवी इंजेक्शने आली, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे आहेत. त्यांनी भूक इतकी मंदावते की, काय खातो याकडे डॉक्टरचे लक्ष हवेच. डॉक्टरच्या देखरेखीखाली फार कमी कॅलरीचा आहार घेणाऱ्यांनाही पूरके देतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक अशी असते. 'ताकदीची आहे' म्हणून रोज खाल्ली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येते.

आणि लोहाबद्दल, कारण तेच आपल्या घराघरांत लागणार. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय लोह घेऊ नये. कातकरी-ठाकूर वाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विसरू नये. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहा ते शोषू देत नाही. लिंबू-आवळ्याबरोबर चांगले शोषले जाते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे. 'थायरॉईडवाल्यांनाही चालतं' म्हणणाऱ्या त्या पोराला यातले एक अक्षर कुणी शिकवले नव्हते. शौच काळी होते, घाबरू नये. पोट दुखले तर गोळी बंद न करता दवाखान्यात सांगावे.

हा सगळा विचार करताना मला तिपिटकातल्या दोन गोष्टी आठवल्या. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खाई. एकदा जेवून असाच धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मापात खाणाऱ्याची वेदना हलकी होते, वार्धक्य हळू येते अशा अर्थाची गाथा ऐकवली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणून दाखवण्याचे शंभर कहापण ठरवले. त्या काळातली आहारतज्ज्ञाची फीच म्हणायची! राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. संयुत्तनिकायात ही गोष्ट आहे. राजाला कुणी चूर्ण दिले नाही, उपाशीही ठेवले नाही.

दुसरी विनयातली, महावग्गातली. श्रावस्तीत शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, खाल्लेले टिकेना, कृश झाले, अंगावर शिरा दिसू लागल्या. तेव्हा जे औषधही आहे, अन्नाचे कामही करते, पण जेवण मानले जात नाही असे काय देता येईल, असा विचार करून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच वस्तूंना अनुमती दिली, पुढे अवेळीही. सप्लिमेंटची याहून नेमकी व्याख्या आमच्या 2006 च्या कायद्यातही नाही. पसेनदीला जास्त झाले होते, त्याचे कमी केले. भिक्खूंना कमी पडले होते, त्यांना दिले. दोघांना एकच डबा दिला नाही.

राहिला तो पोरगा. त्याच्यावर मी रागावलो नाही. रागवायचा अधिकार मला नव्हता, पैसे मीच दिले होते. एका शनिवारी त्याला कार्यालयात बोलावले. तेव्हा कळले की, त्याने स्वतः 26,000 रुपयांचा माल उचलला आहे, त्यातले 10,000 आईच्या बचत गटातून काढलेले. विहारातल्या अकरा घरांत त्याने डबे दिले होते. वरच्या पायरीसाठी महिन्याला ठराविक माल उचलावा लागे, विको न विको. वजन त्याचेच उतरले होते, काळजीने.

त्याला मी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 वाचून दाखवले. नुसती माणसे जोडल्याबद्दल पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना, आणि ती बेकायदा. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न ठरवता कुणाच्या दारात जायचे नाही. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. त्या अधिकाऱ्याला आम्ही रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. सोबत पत्रक, पावत्या आणि कुठल्या आजारांवर गुण येतो म्हणून सांगायला शिकवले त्याची यादी जोडली. 29 व्या दिवशी उत्तर आले. न उघडलेला, मुदतीतला माल परत घेतला. 17,000 परत मिळाले. बचत गटाचे पहिले फेडले. उरलेल्यासाठी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे का, हे तो ठरवतो आहे. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, घाई नाही. डबे घेतलेल्या अकरा घरांत तो स्वतः गेला आणि कॅप्सूल थांबवायला सांगून आला. मोर्चात पुढे राहण्यापेक्षा हे काम कठीण होते.

माझे वजन आता 84 आहे. सात महिन्यांत सात किलो. पनवेलच्या हॉटेलात यावर कुणी टाळी वाजवणार नाही. चहा सहाचे दोन झाले, तेही बिनसाखरेचे. भात अर्धा, वाल-मूग दुप्पट. खालापूर कोर्टाच्या तारखेला एक फाटा अलीकडे उतरतो आणि चालत जातो. कोटाचे खालचे बटण अजून लागत नाही. पत्नीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.4 झाले. गोळ्या चालू आहेत, कारण साठा भरायला पुढेही काही महिने लागतात असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती रात्रीची भाकरी पुन्हा खाते, आणि अंडे आधी तिच्या ताटात पडते, मग माझ्या.

शनिवारची ती मीटिंग मात्र अजून चालू आहे. खोपोली, चौक, कर्जत, नेरळच्या वस्त्यांतून कुणाला असे पत्रक किंवा डबा दिला गेला असेल, तर पावतीसह माझ्याकडे आणून द्यावा. अन्न व औषध प्रशासनाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे, त्याला जोडायला कागद हवेत.